वस्त्रांना बोलते करणारी कोल्हापूरची लेक

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी एखादी पाककृती किंवा घरगुती औषधे लिहीन अशी त्यांची कल्पना असावी. ते विषय चांगलेच आहेत, आणि त्यांवर अधिकाराने लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. मी सातवी शिकलेली एक गृहिणी. संसारातून वेळ काढून शिवणाच्या मशीनवर बसणे हा माझा छंद. आणि चित्रपट पाहताना कथेकडे लक्ष जाण्याआधी नटीच्या अंगावरच्या कपड्यांकडे लक्ष जाणे ही माझी जुनी खोड. तेव्हा जिने केलेले पोशाख मी वर्षानुवर्षे डोळे भरून पाहिले, त्या बाईविषयीच चार शब्द लिहावेत असे मी योजिले.

त्यांचे नाव भानू अथय्या. माहेरच्या भानुमती राजोपाध्ये. जन्म २८ एप्रिल १९२९, कोल्हापूर. भारतीय माणसाला पहिले ऑस्कर पारितोषिक मिळाले ते या कोल्हापूरच्या लेकीला, १९८३ साली, आणि तेही वेशभूषेसाठी, म्हणजे कपड्यांच्या कामासाठी. कोल्हापूर म्हणजे आपले शेजारघरच. सांगलीहून सकाळी निघालेली बाई अंबाबाईचे दर्शन घेऊन दिवेलागणीला घरी परत येते. एवढ्या जवळच्या या बाईचे नाव आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? त्यांनी सजविलेल्या नट्यांची नावे मात्र आपल्याला तोंडपाठ आहेत. हे असे का झाले, हेच मला आज सांगायचे आहे. पण त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

आपल्या मुलखात बाईच्या सुंदर दिसण्याचे नमुने कोणी घालून दिले? याचा शोध घेऊ लागले की तीन गावे डोळ्यांसमोर येतात, औंध, मिरज आणि कोल्हापूर.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. आमच्याकडील बायका यमाईच्या दर्शनाला औंधला जातात. त्याच डोंगरावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेले भवानी संग्रहालय आहे. राजेसाहेब स्वतः चांगले चित्रकार होते. तेथे राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे पाहावयास मिळतात. रविवर्मा केरळचे, जन्म १८४८ चा आणि मृत्यू १९०६ चा. पण त्यांच्या अनेक चित्रांतल्या देवी आणि पुराणातल्या स्त्रिया आपल्यासारखे लुगडे नेसलेल्या आहेत. निऱ्यांची चुणी, खांद्यावरून उतरलेला पदर, काठावर पडलेला उजेड, हे सारे असे काढले आहे की कापड रेशमी आहे की सुती, हे हात न लावता कळावे. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला. तेथे छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घराघरांत गेली. तेव्हापासून आपल्या मनातली लक्ष्मी काठापदराचे वस्त्र नेसूनच कमळावर उभी आहे.

दुसरे गाव मिरज. आपल्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' नाटक केले आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. त्यांत सर्वांवर कडी केली ती नारायण श्रीपाद राजहंस यांनी, म्हणजे बालगंधर्वांनी. त्यांच्या बालपणाशी जोडलेले नागठाणे हे आपल्या सांगली जिल्ह्यातले, पलूस तालुक्यातले. सातारा तालुक्यातले नागठाणे वेगळे. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत त्यांनी मिरजेला शकुंतलेची भूमिका केली आणि मग पंचवीस-तीस वर्षे महाराष्ट्राला वेड लावले. १९११ सालच्या 'मानापमाना'तली भामिनी, १९१६ सालच्या 'स्वयंवरा'तली रुक्मिणी यांच्यासाठी ते खर्चाचा विचार न करता अस्सल जरीचे शालू आणि उंची अत्तरे वापरीत. मंडळी कर्जात बुडाली, पण नायिकेच्या शालूत त्यांनी कधी काटकसर केली नाही. घरंदाज बायका त्यांचे नाटक पाहून येत आणि त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागत, तसा पदर घेत, तसा गजरा माळत. एका पुरुषाकडून साऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांनी नेसणे शिकावे, ही मोठी मौजच म्हणायची!

आणि याच बालगंधर्वांनी १९१९ साली 'एकच प्याला' नाटकात दारुड्याची बायको सिंधू केली. जात्यावर दळण दळणारी, साध्या लुगड्यातली. त्या साध्या लुगड्यातही ते तितकेच शोभले. म्हणजे शोभा जरीत नाही, ती ज्या बाईचे वस्त्र आहे तिला ते जुळण्यात आहे, हा धडा तेव्हाच आपल्याला मिळाला होता.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. देवीला लुगडे नेसविणारा चित्रकार पुरुष. रंगभूमीवर शालू नेसणारा नट पुरुष. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, त्यातली तारामतीही पुरुषच. हे सर्व थोर कलावंत. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण ज्या बाईने रोज पहाटे ते लुगडे नेसायचे, त्यातच पाणी भरायचे, मूल कडेवर घ्यायचे, संध्याकाळी तेच धुऊन वाळत घालायचे, तिला वस्त्राविषयी काय वाटते, हे या सर्वांत कोठेच आले नव्हते. ती नजर कोल्हापूरच्या भानूताईंबरोबर आली, असे मला वाटते.

भानूताईंचे वडील अण्णासाहेब राजोपाध्ये हे चित्रकार. आईचे नाव शांताबाई. सात भावंडांत त्या तिसऱ्या. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. कोल्हापूर त्या वेळी बाबूराव पेंटरांचे, 'प्रभात' कंपनीचे, चित्रकारांचे आणि तालमींचे गाव. आपल्या या भागात बायकांच्या अंगावर तेव्हा इरकली लुगडी असत, टोपी-तेनीच्या लाल-पांढऱ्या पदराची. चोळीला गुळेदगुडचा खण, गळ्यात कोल्हापुरी साज. सणावाराला पैठणी आणि शालू पेटीतून बाहेर निघत. ज्या मुलीच्या हातात चित्रकलेची कूस आहे, तिला असे गाव म्हणजे न फी देता मिळालेली शाळाच.

पुढे त्या मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि १९५१ साली तेथे सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी नव्या विचारांच्या चित्रकारांचा 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' नावाजलेला होता. १९५३ सालच्या त्यांच्या प्रदर्शनात भानूताईंची चित्रे होती. म्हणजे त्या चित्रकार म्हणूनही मोठ्या झाल्या असत्या. पण पोटासाठी त्या 'ईव्हज वीकली' या बायकांच्या इंग्रजी साप्ताहिकात कपड्यांची चित्रे काढीत. त्याच्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले, तेव्हा चित्रांतले कपडे प्रत्यक्ष शिवून पाहा, असे भानूताईंना सुचविले. झाले, कागदावरची रेघ कापडावर आली. कामिनी कौशल, नर्गिस अशा नामांकित नट्या त्यांच्याकडून कपडे करवून घेऊ लागल्या, आणि चित्रपटांची कामे येऊ लागली.

गुरुदत्त यांच्याकडे त्यांनी १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून काम केले. पुढे 'प्यासा', 'कागज के फूल', 'चौदहवीं का चाँद' आणि १९६२ चा 'साहिब बीबी और गुलाम' हे सारे कृष्णधवल चित्रपट. भगिनींनो, रंग नसलेल्या चित्रपटात कपडा खुलविणे किती अवघड असेल याचा विचार करा. तेथे गुलाबी आणि अबोली एकसारखेच दिसणार. मग उरते काय? कापडाचा पोत, त्याची चमक, काठाची रुंदी आणि पदराचा डौल. 'साहिब बीबी'मधली मीनाकुमारीची छोटी बहू आठवा. बंगाली जमीनदाराच्या वाड्यातली ती सून, कपाळावर मोठे कुंकू, अंगभर दागिने, रुंद काठाची साडी. पती घरी येत नाही म्हणून ती सजते. ते सजणे पाहून आपल्याला हेवा वाटत नाही, तिची कणव येते. वस्त्र सुंदर असावे आणि तरीही ते पाहून डोळ्यांत पाणी यावे, ही काही साध्या शिंपीकामाची गोष्ट नव्हे.

पुढे रंगीत चित्रपट आले आणि भानूताईंच्या हाताला बहर आला. १९६५ सालच्या 'वक्त' चित्रपटात साधनाला त्यांनी अंगाबरोबर बसणारा कुडता आणि चुडीदार दिला. त्याआधी हा पोशाख ढगळ असे. साधनाच्या अंगावर तो असा शोभला की शहरोशहरीच्या मुलींनी शिंप्याकडे तसाच हवा म्हणून धरणे धरले. त्याच साली 'गाइड' आला. त्यातली वहिदा रेहमानची रोझी सुरुवातीला मन मारून जगणारी पत्नी असते आणि पुढे नावाजलेली नर्तकी होते. तिचे कपडेही तिच्याबरोबर बदलत जातात. आवाज बंद करून हा चित्रपट पाहिला, तरी नुसत्या कपड्यांवरून तिची कथा कळते असे मी म्हणेन.

१९६६ साली आलेल्या 'आम्रपाली'साठी तर त्यांनी कमालच केली. कथा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैशाली नगरीतल्या नर्तकीची. त्या काळचा कपडा कोणी पाहिला होता? भानूताई अजिंठ्याला गेल्या. लेण्यांतल्या चित्रांत स्त्रियांनी काय नेसले आहे, कमरेला काय बांधले आहे, दागिना कोठे आहे, हे त्यांनी बारकाईने पाहिले आणि त्यावरून वैजयंतीमालेची वस्त्रे केली. कमरेला बांधलेले, चुण्या सोडलेले वस्त्र, उरोवस्त्र, खांद्यावरचे तलम उत्तरीय, एवढाच तो साज. पण त्यात बटबटीतपणा कोठे नाही. आजही शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादी मुलगी प्राचीन काळची राजनर्तकी होते, तेव्हा तिचा पोशाख नकळत 'आम्रपाली'वरूनच घेतलेला असतो.

माझी सर्वांत आवडती युक्ती मात्र १९६८ च्या 'ब्रह्मचारी'मधली. शम्मी कपूरबरोबर मुमताजला एक जलद नाच करावयाचा होता, आणि तो साडीत. नाचताना साडी सुटणार, निऱ्या पायात येणार. भानूताईंनी नारिंगी रंगाची साडी अंगाबरोबर घेऊन शिवूनच टाकली आणि तिला चेन लावली. साडीचा डौल राहिला आणि पाय मोकळे झाले. ती 'मुमताज साडी' म्हणूनच प्रसिद्ध झाली. आज गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला आपल्या मुली दुकानातली शिवलेली नऊवारी पाच मिनिटांत चढवून बाहेर पडतात, तेव्हा काही वडीलधाऱ्या भगिनी नाके मुरडतात. पण मला त्यात गैर दिसत नाही. वस्त्र बाईसाठी आहे, बाई वस्त्रासाठी नाही. जिला साडी नेसून धावपळ करावी लागते तिलाच अशी युक्ती सुचते.

आता नावाच्या प्रश्नाकडे येते. फ्रान्समध्ये पॅरिस शहरी चार्ल्स वर्थ नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने १८५८ साली उंची कपड्यांचे दुकान काढले. तेथल्या सम्राज्ञी युजेनी या त्याच्या गिऱ्हाईक होत्या. शिंपी गिऱ्हाइकाच्या हुकुमाप्रमाणे शिवतो, ही तोवरची रीत. वर्थने ती मोडली. आपण कल्पिलेले कपडे तो जिवंत मुलींना घालून गिऱ्हाइकांपुढे चालवी, आणि शिवलेल्या झग्याच्या आत आपल्या नावाची पट्टी लावी, जशी चित्रकार चित्राखाली सही करतो. आज जगभर जे फॅशनचे सोहळे होतात आणि कपडे करणाऱ्यांची नावे गाजतात, त्याचे मूळ त्या पट्टीत आहे.

आपल्याकडे अशी पट्टी नव्हती. बालगंधर्वांच्या शालूचे कौतुक झाले, पण तो विणणाऱ्या विणकराचे नाव विचारण्याची रीतच नव्हती. चित्रपटात भानूताईंचे नाव सुरुवातीच्या पाटीवर येई आणि आपण खुर्चीवर नीट टेकेपर्यंत निघून जाई. साडी मुमताजची झाली, चुडीदार साधनाचा झाला. करणारी पडद्यामागेच राहिली.

तिचे नाव जगाने घेतले ते एका अगदी साध्या कपड्यासाठी, आणि यातच मला सर्वांत मोठी गंमत वाटते. रिचर्ड ॲटनबरो या इंग्रज दिग्दर्शकाने 'गांधी' चित्रपट केला. तो १९८२ साली प्रदर्शित झाला. त्यात ना जरी, ना झगमगाट. १८९३ पासून १९४८ पर्यंतचा पंचावन्न वर्षांचा काळ आणि त्यात बदलत जाणारा एक माणूस. आफ्रिकेतला सुटाबुटातला बॅरिस्टर, मग काठेवाडी पोशाख, आणि १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला पत्करलेला पंचा. गांधीजींचे सारे चरित्रच कपड्यांत लिहिलेले आहे. ते चुकीच्या कापडावर लिहिले गेले असते तर चित्रपट खोटा वाटला असता. चित्रपटात एक प्रसंग आहे. नदीकाठी एक गरीब बाई पाण्याशी उभी आहे, तिच्या अंगावर पुरेसे वस्त्र नाही. गांधीजी आपले वस्त्र पाण्यावर सोडतात आणि ते वाहत तिच्यापर्यंत जाते. एका कापडाच्या तुकड्याने तेथे जे सांगितले ते दहा भाषणांनी सांगितले नसते.

आणि कस्तुरबा! ती भूमिका आपल्या रोहिणी हट्टंगडी यांनी केली आणि त्यासाठी त्यांना इंग्लंडचे बाफ्टा पारितोषिक मिळाले. बॅरिस्टरच्या पत्नीपासून आश्रमातल्या बांपर्यंत त्यांच्या साड्या कशा साध्या, जाड आणि पांढऱ्या होत जातात ते पाहा. खादीची साडी अंगावर पडते तशीच ती पडते. नवी कोरी, कडक इस्तरीची वाटत नाही, वापरातली वाटते. ज्या हातांनी वैजयंतीमालेला तलम उत्तरीय दिले त्याच हातांनी बांना खादी नेसविली. 'मानापमान' आणि 'एकच प्याला' यांतला तो जुना धडा येथे पुन्हा आला.

११ एप्रिल १९८३ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसला समारंभ झाला. 'गांधी'ला आठ पारितोषिके मिळाली. वेशभूषेचे पारितोषिक भानूताई आणि इंग्रज वेशभूषाकार जॉन मोलो यांना मिळून देण्यात आले. या पारितोषिकाची सुरुवात १९४९ सालची. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. तेव्हा त्या चोपन्नाव्या वर्षात होत्या, आणि कामाला तीस वर्षे होऊन गेली होती.

पारितोषिकानंतर त्या घरी बसल्या नाहीत. 'लेकिन' चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या चित्रपटाच्या निर्मात्या लताबाई मंगेशकर. लताबाईंचे बालपण सांगलीतच गेले, म्हणजे येथेही आपला धागा आहेच. पुढे २००१ च्या 'लगान'साठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १८९३ सालच्या दुष्काळी खेड्यातली माणसे, त्यांची विटलेली धोतरे आणि मुंडासी, गौरीचा घागरा आणि त्याच पडद्यावर गोऱ्या मडमेचा झगा, असा तो दुहेरी पसारा त्यांनी सत्तरी उलटल्यावर सांभाळला.

सातारकर भगिनींना जवळचा वाटेल तो २००४ चा 'स्वदेस'. त्यातले खेडे म्हणजे वाईजवळचे आपले मेणवली. नाना फडणीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट त्यात दिसतो. वेशभूषा भानूताईंचीच. वाईची कृष्णा पुढे सांगलीला येते, आणि तिच्याच काठी या कोल्हापूरकर बाईंनी गावातली शाळा चालविणाऱ्या गीतेला असे साधे, नीटस कपडे दिले की ती शेजारच्या आळीतलीच वाटावी. मास्तरीण म्हणून तिला कळाहीन केले नाही, आणि नायिका म्हणून भरजरीही केले नाही. साधेपणातली ही शोभा जमविणे फार अवघड. ब्लाऊज शिवणाऱ्या भगिनींना हे पटेल. भरपूर लेस लावली की गळ्याचा बेंगरूळपणा झाकतो. साध्या गळ्याच्या ब्लाऊजमध्ये मात्र टक्स चुकला की लगेच दिसतो.

२०१० साली त्यांनी आपल्या कामावर 'द आर्ट ऑफ कॉस्च्यूम डिझाइन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. ऑस्करची मूर्ती आपल्यामागे नीट जपली जावी म्हणून २०१२ साली त्यांनी ती अमेरिकेतल्या त्या संस्थेकडेच परत सोपविली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत वयाच्या एक्याण्णव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, एवढे सगळे मी का लिहिले? केवळ सुंदर कपड्यांचे कौतुक म्हणून नव्हे. कौतुक तर आहेच, आणि बाईने सुंदर कपड्यांचे कौतुक करू नये असे मला मुळीच वाटत नाही. नीट नेसण्या-नटण्याला काही लोक उथळपणा म्हणतात. पण जी बाई काठाला साजेसा खण निवडते, ती रविवर्म्याच्याच प्रकारचे काम आपल्या परीने करीत असते.

माझे म्हणणे निराळे आहे. आपल्या घराघरांत मशीन आहे आणि त्यावर बसणारी एक बाई आहे. ती शेजारणीचे फॉल-पिको करते, मुलींचे परकर-पोलके शिवते, जुन्या साडीची दुपटी करते, काठाची पट्टी काढून तिचा कुडत्याला गळा लावते. तिच्या कामाला काय म्हणतात? फावल्या वेळचा उद्योग. पैसे मागितले तर "अगं, घरच्या घरी तर शिवतेस, एवढे कशाला घेतेस?" असे ऐकावे लागते. मी स्वतः हे पुष्कळदा ऐकले आहे, आणि बोलणारी परकी नसते, आपल्यातलीच असते. तीच बाई शहरातल्या दुकानात सांगतील ती शिलाई मुकाट्याने देऊन येते. मुलीने शिवणकलेचा अभ्यासक्रम घ्यायचा म्हटले की घरातले म्हणतात, त्यात काय शिकायचे? भानूताईंचे आयुष्य याला उत्तर आहे. त्यांनी अजिंठा अभ्यासला, इतिहास अभ्यासला, बाईचे चालणे-बसणे अभ्यासले आणि मग कात्री हाती घेतली. शिवण ही विद्या आहे. विद्येला नाव असते आणि मोलही असते.

तेव्हा मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. दरवर्षी हळदीकुंकवाच्या वेळी आपण हस्तकलेचे प्रदर्शन मांडतो. त्यात टेबलावर वस्तू असतात, किमतीच्या चिठ्ठ्या असतात, पण करणारीचे नाव नसते. 'मंडळाच्या भगिनींकडून' एवढेच लिहिलेले असते. यंदापासून प्रत्येक पोलक्यावर, पिशवीवर, गोधडीवर जिने ती केली तिच्या नावाची छोटी पट्टी आतून शिवावी. त्या पॅरिसच्या वर्थने लावली तशी. खर्च काहीच नाही, चार बोटे फीत लागेल. आणि एकमेकींकडून काही शिवून घेतले तर शिलाई घासाघीस न करता द्यावी. एवढे केले तरी कोल्हापूरच्या त्या लेकीला आपण खरा मान दिला असे होईल.

आणखी एक विनंती. या सुटीत घरी 'गाइड' किंवा 'गांधी' लागला, तर सुरुवातीच्या पाट्या चालू असताना चहा टाकायला उठू नका. वेशभूषा या शब्दापुढचे नाव मुलींना मोठ्याने वाचायला सांगा. भानू अथय्या, कोल्हापूर, आपल्या शेजारच्या, एवढे त्यांना आपण सांगावे.

असो. लेख लांबला त्याबद्दल क्षमस्व. मंडळाची अशीच भरभराट होवो, ही कृष्णामाईच्या चरणी प्रार्थना.